वाचनाची जोडी : चार विषय, आठ ग्रंथ

‘मराठीत काय वाचावे?’ हा प्रश्न बृहन्महाराष्ट्रातील शिक्षकांना वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा एका यादीच्या रूपाने दिले जाते. यादीत मान्यवर ग्रंथकारांची नावे योग्यतेच्या क्रमाने मांडलेली असतात आणि वाचकाने वरून खाली उतरत जावे, अशी अपेक्षा असते. या पद्धतीत दोन उणिवा आहेत. एक तर वाचक प्रत्येक विषयावर एकच ग्रंथ वाचतो आणि त्यालाच त्या विषयातील अखेरचा शब्द मानतो. दुसरे असे की, इंदूर, बडोदे, बेळगाव, गोवा किंवा हैदराबाद येथील विद्यार्थ्याची, मराठी ग्रंथ म्हणजे पुण्या-मुंबईकडचे काहीतरी, अशी समजूत होऊन बसते. आपल्याकडील पुष्कळ मुलांचे शालेय शिक्षण हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू वा इंग्रजीतून होते. मराठी वाचन हे त्यांच्या दृष्टीने स्वेच्छेचे काम. त्यांच्या हातून आयुष्यात मोजकेच मराठी ग्रंथ वाचले जाणार असतील, तर ते निवडताना आपण अधिक विचार केला पाहिजे.

यावर एक उपाय सुचवावासा वाटतो. एकाच विषयावरील दोन ग्रंथ जोडीने वाचावेत. ते एकमेकांस प्रश्न विचारणारे असावेत आणि शक्यतो त्यांचा आपल्या भूमीशी काही संबंध असावा. इतिहास, राजकारण, संस्कृती आणि कादंबरी या चार विषयांतील अशा चार जोड्या येथे दिल्या आहेत.

पहिली जोडी इतिहासाची. विष्णुभट गोडसे हे कोकणातील वरसई गावचे भिक्षुक. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने ते 1857 साली उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीला वेढा पडून शहर पडले, तेव्हा ते तेथेच होते. या अनुभवाचे त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेले वृत्त म्हणजे ‘माझा प्रवास’. त्याच्या जोडीस दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे झाशीच्या राणीचे 1894 सालचे चरित्र वाचावे. पारसनीसांच्या चरित्रात राजकीय कारभार, पत्रव्यवहार व घटनाक्रम यांची जुळणी आहे. गोडसे भटजींजवळ भूक, लूट, भीती आणि पाण्यासाठीची वणवण आहे. तारखांसाठी एकावर भिस्त ठेवावी लागते आणि लोकांचे हाल समजून घेण्यासाठी दुसऱ्यावर. यात आणखी एक धडा आहे. चिंतामणराव वैद्य यांनी 1907 साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तो भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती 1966 साली निघाली. म्हणून ग्रंथालयात केवळ पुस्तकाचे नाव न विचारता आवृत्तीही विचारावी, ही सवय विद्यार्थ्यास येथेच लावता येते. ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणीची समाधी आहे आणि तिचे दत्तकपुत्र दामोदरराव यांचे पुढील आयुष्य इंदुरात गेले. तिकडील विद्यार्थ्यास हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही.

दुसरी जोडी राजकीय विचाराची. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख यांची ‘शतपत्रे’ 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात येऊ लागली. आपण परक्यांचे अंकित का झालो, याचे उत्तर ते आपल्याच समाजातील अज्ञान, आळस व जातिभिमान यांत शोधतात. ज्योतिराव फुले यांनी 1883 साली पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ तोच प्रश्न शेताच्या बांधावरून विचारतो : कराचा बोजा कोणावर, कर्जात कोण बुडाला आणि कचेरीत त्याचे ऐकून कोण घेतो? लोकहितवादी स्वतः सरकारी अधिकारी होते आणि त्यांचा रोख सुशिक्षितांकडे आहे. फुले शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहून गोरे अधिकारी व एतद्देशीय कामगार या दोघांनाही जाब विचारतात. शिवाय पाण्याचे बंधारे आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण असे नेमके उपायही सांगतात. या ग्रंथाचे काही भाग फुले यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांसमोर वाचून दाखविले होते. याच महाराजांनी 1906 साली आपल्या संस्थानात सर्वत्र सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. बडोद्याच्या शिक्षकाने हा संबंध वर्गात अवश्य सांगावा.

तिसरी जोडी संस्कृतीची, आणि ती काहींना धाडसाची वाटेल. ‘एकनाथी भागवत’ पैठणच्या एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केले. म्हणजे मराठीतील हा एक थोर ग्रंथ महाराष्ट्राबाहेर सिद्ध झाला. त्यांचे पैठण पुढे दीर्घकाळ, 1948 पर्यंत, निजामाच्या राज्यात होते. त्याच्या शेजारी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ठेवावे. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला, येथील भाषा शिकला आणि ख्रिस्तकथा त्याने ओवीछंदात सांगितली. ग्रंथ 1616 साली रोमन लिपीत छापला गेला. संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणण्याचा अधिकार एकनाथ पंडितांपुढे मांडतात. स्टीफन्स परक्या धर्माची कथा त्याच लोकभाषेच्या आधाराने सांगतात. दोघांनाही ओवीचाच आश्रय घ्यावा लागला, यातच त्या छंदाचे सामर्थ्य दिसते. मात्र शिक्षकाने दुसरी बाजू झाकू नये. ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण रचले गेले, तिनेच गोव्यातील देवळे पाडली होती आणि पुढे 1684 साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. भाषेवरील प्रेम आणि भाषेवरील जुलूम एकाच राजवटीत कसे नांदले, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उघडपणे ठेवावा. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली देवनागरीत आणलेली प्रत वाचनास सोयीची आहे.

चौथी जोडी कादंबरीची. बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा आणि त्यांनी 1854 साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तीही बेळगावातच. त्यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली निघाली, विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर अवघ्या वर्षाने. यमुना आणि तिचा पती प्रवास करतात आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही 1890 साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच. पण ही यमू आपली हकीकत स्वतः सांगते. पहिल्या कादंबरीत लेखकाने उपाय आधीच ठरविला आहे आणि धर्मांतर व पुनर्विवाह यांत त्याची सांगता होते. दुसरीत उपाय सांगितलेला नाही. एका मुलीचा श्वास कोंडताना आपण घरात बसून पाहतो. प्रचार आणि अनुभव यांतील अंतर शिकविण्यास याहून चांगली उदाहरणे सहसा मिळणार नाहीत. तथापि पहिलीला केवळ प्रचारी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल, कारण गावोगावच्या विधवांकडे मराठी गद्याचे लक्ष प्रथम तिने वेधले.

या जोड्या वर्गात वा वाचकमंडळात कशा वापराव्यात? सर्व आठ ग्रंथ साद्यंत वाचण्याचा आग्रह नसावा. एका सत्रास एक जोडी घ्यावी, प्रत्येक ग्रंथातून दोन-तीन प्रकरणे निवडावीत आणि विद्यार्थ्यांचे दोन गट करून प्रत्येकास एकेक ग्रंथ द्यावा. मग तीन प्रश्न विचारावेत : हे कोण, कोणासाठी लिहीत आहे? शेजारच्या ग्रंथात जे आहे, ते यात का नाही? आणि दोन्ही ग्रंथांत ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, असे लोक कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थी आपण होऊन तिसऱ्या पुस्तकाकडे वळेल.

ग्रंथालयचालकांनीही एवढे करावे की, यांतील एक ग्रंथ मागणाऱ्या वाचकासमोर त्याचा जोडीदार ठेवावा आणि कोणत्या जोडीतील कोणते पुस्तक आपल्या संग्रहात नाही, याची नोंद करून ते आणवून घ्यावे. पुस्तकांची संख्या वाढविणे सर्वांनाच शक्य होईल असे नाही. पण आहेत त्या पुस्तकांना शेजारी मिळवून देणे लहानात लहान ग्रंथालयासही जमण्यासारखे आहे.