किल्लीविना कुलूप : सोय खरी, पण ताबा कोणाचा?

मुंबई, प्रतिनिधी

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर यावे, वाऱ्याने दार धाडकन लागावे आणि लॅचची किल्ली आत खुंटीलाच राहिलेली असावी, हा अनुभव मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्यांना नवा नाही. मग वॉचमनकडून किल्लीवाल्याचा नंबर मिळवायचा आणि तो येईपर्यंत जिन्यात ताटकळायचे. शेजारच्या काकूंकडे एक जादा किल्ली ठेवण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. आकडे दाबून, बोट टेकवून, कार्ड दाखवून किंवा मोबाईलवरून उघडणारी किल्लीविना कुलुपे ही अडचण खरोखरच दूर करतात. काही हजारांपासून तीस-चाळीस हजार रुपयांपर्यंत ती बाजारात मिळतात.

दुकानात चर्चा होते ती मात्र बोटाचा ठसा किती झटकन ओळखला जातो, याचीच. खरे तर ग्राहकाने आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. बॅटरी संपली तर दार कसे उघडायचे? आणि कुलपाचा मुख्य संकेतांक, म्हणजे इतरांना प्रवेश देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार, कोणाच्या हाती राहणार? राहत्या घरात पहिला प्रश्न मोठा आहे. भाड्याने दिलेल्या घरात दुसरा.

बॅटरी आणि फुगलेले दार

या कुलपांना घरातील वीज लागत नाही. बहुतेकांत एए आकाराचे चार किंवा आठ पेन्सिल सेल बसतात आणि वापरानुसार ते साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. अनेक कुलपांत अंक वा ठसा जुळल्यावर मोटर आतला दुवा केवळ जोडून देते आणि दांडा आपण हाताने फिरवतो. त्यात वीज कमी लागते. पूर्ण स्वयंचलित कुलपात बोल्ट सरकवण्याचे कामही मोटरच करते. शिवाय कुलूप सतत वायफायशी जोडलेले असेल तर सेल आणखी लवकर संपतात.

आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. जून-जुलैत लाकडी दार फुगते, चौकटीत घट्ट बसते आणि बोल्ट समोरच्या खाचेला घासू लागतो. हाताने किल्ली फिरवताना आपण दाराला खांदा लावून वेळ मारून नेतो. मोटरला ते जमत नाही. ती अडखळते, सेल खाते आणि कधी अर्ध्यावरच थांबते. म्हणून कुलूप बसवण्यापूर्वी सुताराला बोलावून दार तासून घेणे आणि बिजागऱ्या नीट करून घेणे, हा खर्च कुलपाच्या किमतीतच धरावा. दाराची जाडी आणि ते डावीकडे उघडते की उजवीकडे, हेही आधी पाहून ठेवावे. पातळ दारात खाच मारून बसवायचे मॉर्टाइस कुलूप दाराला कमकुवत करते. बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर असेल, तर इलेक्ट्रॉनिक कुलूप आतल्या मुख्य दारालाच लावावे; पावसाचा मारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चाळवणे, दोन्हींपासून ते वाचते. मात्र मग जाळीच्या दाराला किल्लीचे कुलूप लावले, तर सारा खटाटोप व्यर्थ!

सेल संपत आल्याची सूचना कुलूप आवाज करून वा दिवा लुकलुकवून देते आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. त्यानंतरचा मार्ग प्रत्येक कुलपात वेगळा असतो. काहींना बाहेरून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवता येते, काहींना मोबाईलच्या पॉवर बँकेची वायर जोडता येते, तर काहींत झाकणाखाली साध्या किल्लीचे भोक असते. यांपैकी एकही सोय नसलेले कुलूप घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किल्ली मिळाली की ती कपाटात जपून ठेवली जाते आणि कपाट असते घरातच! ती पुन्हा त्या काकूंकडेच द्यावी. सेल अल्कलाइन घ्यावेत आणि सगळे एकाच वेळी बदलावेत. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असल्याने अनेक कुलपांत बॅटरीची पातळी चुकीची दाखवली जाते.

आणखी एक गोष्ट दुकानातच तपासावी. आतला दांडा फिरवला की सेल असोत वा नसोत, दार उघडलेच पाहिजे. आग लागली असताना आठ वर्षांच्या मुलाकडून वा ऐंशीच्या आजीकडून संकेतांक आठवण्याची अपेक्षा करता येत नाही.

बोट, आकडे की कार्ड?

बोटाचा ठसा सोयीचा खरा, पण तो सगळ्यांचा उमटत नाही. वय झालेल्यांची आणि कष्टाची कामे करणाऱ्यांची बोटे झिजलेली असतात. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही, ही तक्रार आपण ऐकतोच. कणीक मळलेला हात, ओले बोट, चिकटपट्टी लावलेली जखम, यांनीही कुलूप नकार देते. ठशाची नक्कलही अशक्य नाही. जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या बनावट बोटांनी त्या काळातील ठसायंत्रे फसवून दाखवली होती. आजची यंत्रे त्यांहून सुधारलेली आहेत. तरीही ठसा हा एकमेव मार्ग असू नये.

संकेतांकाचे गणित सोपे आहे. चार आकड्यांचे दहा हजार संकेतांक संभवतात, सहा आकड्यांचे दहा लाख. पण रोज त्याच चार कळा दाबल्याने त्यांच्यावर बोटांचे डाग पडले, तर चोरट्यासमोर उरतात फक्त २४ शक्यता! त्यामुळे खऱ्या संकेतांकाच्या मागेपुढे निरर्थक आकडे दाबण्याची मुभा देणारे आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर ठराविक वेळ बंद राहणारे कुलूप घ्यावे. घरकामाच्या मावशींना वेगळा संकेतांक द्यावा. त्यांनी काम सोडले तर तेवढाच रद्द करता येतो.

कार्डाची कुलुपे हॉटेलांनी रूढ केली. पण त्यांचा इतिहास फारसा आश्वासक नाही. मायफेअर क्लासिक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कार्डातील सांकेतिक पद्धत संशोधकांनी २००८ मध्येच भेदली होती. साफलॉक कुलुपांतील दोष संशोधकांनी मार्च २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा १३१ देशांतील तीस लाखांहून अधिक दारांचा प्रश्न उभा राहिला. मोबाईलच्या कुलपांचे दुखणे निराळे. अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये दुरून पाठवलेली सुधारणा चुकीच्या मॉडेलला गेली आणि सुमारे पाचशे कुलुपे निकामी झाली. त्यांतील अनेक कुलुपे पाहुण्यांना घरे भाड्याने देणाऱ्या मालकांची होती.

भाड्याच्या घरात

मालक नागपूरला किंवा न्यू जर्सीला आणि सदनिका हिंजवडीत, ही आता नेहमीची गोष्ट आहे. अशा मालकाला एजंटकडे किल्ल्या फिरवत ठेवण्यापेक्षा मुदतीचा संकेतांक पाठवणे निश्चितच बरे. काही कुलपांत इंटरनेटही लागत नाही. ॲप आणि कुलूप दोघेही एकाच गुप्त सूत्राने तारखेवरून आकडे काढतात. कुलपातील घड्याळ मात्र बरोबर चालायला हवे. भाड्याच्या घरासाठी असे, ठशाशिवाय चालणारे साधे आकड्यांचे कुलूप आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते.

पण याच सोयीचे दुसरे टोक असे, की भाडे थकले तर मालक बसल्या जागी संकेतांक रद्द करू शकतो. दाराला नवे टाळे ठोकले तर निदान शेजाऱ्यांना दिसते. हे टाळे दिसतही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखेच. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते. मुदत संपूनही राहणाऱ्याकडून ताबा मिळवण्यासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. तेथे दुप्पट शुल्काच्या दराने भरपाईचीही तरतूद आहे. कायदेशीर मार्गाने न जाता कोणाला घराबाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार त्याला सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो. घराची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे. पण कलम २८ नुसार तीही आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी करायची असते. आपल्याजवळ मुख्य संकेतांक आहे म्हणून केव्हाही दार उघडून आत शिरता येत नाही.

दुसरा प्रश्न नोंदींचा. ही कुलुपे कोण किती वाजता आले-गेले, याची यादी ठेवतात. भाडेकरूची मुलगी रात्री किती वाजता परतते, हे मालकाने का पाहावे? न्यूयॉर्कमध्ये हा वाद न्यायालयात गेला. मॅनहॅटनमधील एका इमारतीच्या रहिवाशांनी प्रवेशद्वारावरील ॲपच्या कुलपाविरुद्ध दावा लावला आणि मे २०१९ मध्ये तडजोड होऊन त्यांना साध्या किल्ल्या देण्याचे ठरले. त्या शहराने २०२१ मध्ये भाडेकरूंच्या अशा माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही केला.

आपल्याकडे यावर सोपा तोडगा करारातच काढता येईल. मुदतीत मुख्य संकेतांक भाडेकरूकडे राहील, मालकाकडे बंद पाकिटात साधी किल्ली असेल, नोंदी मालक पाहणार नाही आणि सेलचा खर्च कोणी करायचा, एवढ्या चार ओळी करारात घालाव्यात. एजंट कुरकुरतील, कुरकुरू द्यावे. ताबा परत घेताना मालकाने जुने सर्व संकेतांक, ठसे आणि जोडलेले मोबाईल पुसून टाकावेत. भाडेकरूनेही आपले ठसे पुसले गेल्याची खात्री केल्याशिवाय अनामत रकमेचा हिशेब मिटवू नये. पुनर्विक्रीची सदनिका घेणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी कुलूप कारखान्यातून निघाले त्या स्थितीत आणावे आणि लगेच नवा मुख्य संकेतांक घालावा. बसवणाऱ्या माणसाने ठेवलेला १२३४५६ हा संकेतांक अनेक दारांवर वर्षानुवर्षे तसाच राहतो.