वाचनचाचणी आणि घरातील मराठी पुस्तक

‘मुलाला वाचता येते’ हे विधान आपण फार सैलपणे करीत असतो. अक्षरे ओळखून त्यांचा उच्चार करणे ही एक गोष्ट, आणि लिहिणाऱ्याने काय सांगितले आहे ते समजून घेणे ही दुसरी. पहिली साधली की दुसरी आपोआप येते, असा शाळांचा आणि घरांचाही जुना समज आहे. प्रमाणित वाचनचाचण्यांनी या समजालाच हात घातला आहे. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या वस्तीतील मराठी घरांपुढे तर या विषयाचा आणखी एक पदर उभा राहतो. घरात मराठी, अंगणात हिंदी, शाळेत हिंदी अथवा इंग्रजी. अशा स्थितीत चाचणी जवळ आली की, ‘मराठीने गोंधळ होतो’ असे म्हणून मराठी पुस्तक फडताळात ठेवून देण्याचा मोह पालकांस होतो. तो कितपत योग्य आहे, हे तपासण्याचा येथे विचार आहे.

प्रमाणित चाचणी म्हणजे सर्व मुलांना सारख्याच काठिण्याचा मजकूर, सारखा वेळ आणि गुणदानाचे सारखे नियम. २००५ पासून ग्रामीण भागात होत आलेल्या ‘असर’ या पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा क्रमाचा मजकूर वाचावयास देतात. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ उपक्रमाने तिसरीच्या अखेरीस मिनिटास किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा झाली. वरील उद्दिष्टातील ‘अर्थासह’ हा शब्द कळीचा आहे. घड्याळ लावून वाचनाचा वेग वाढवू पाहणाऱ्यांच्या दृष्टीतून नेमका तोच निसटतो.

वाचताना मुले चुकतात कोठे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांनी उताऱ्यांवर लिहिलेली उत्तरे तपासून दाखविले की, वाचन ही विचाराचीच क्रिया आहे. उताऱ्यातील एखादा शब्द मुलाच्या मनात वाजवीपेक्षा प्रबळ होतो, दुसरा दुर्लक्षित राहतो, आणि त्यामुळे सबंध वाक्याचा तोल जातो.

हे निरीक्षण आपल्या मुलांना विशेष लागू पडते. हिंदी उताऱ्यात ‘रामू को इस निर्णय पर आपत्ति थी’ असे वाक्य आले, तर मराठी मूल आपत्ती म्हणजे संकट असे धरून चालते. हिंदीत तेथे हरकत अभिप्रेत असते. हिंदीतील ‘अभ्यास’ म्हणजे सराव, ‘प्रकृति’ म्हणजे निसर्ग, ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आणि ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. अपरिचित शब्दापाशी मूल अडखळते व विचारते. ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दापाशी मात्र ते निर्धास्तपणे पुढे जाते. लिपी एकच असल्यामुळे ही गफलत शिक्षकाच्याही लक्षात येत नाही, कारण उच्चार बिनचूक असतो.

यावर इलाज मराठी बंद करणे हा नव्हे, तर दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवणे हा आहे. अशा शब्दांची वही मुलांकडूनच करवून घ्यावी. शब्दाचा जो अर्थ मनात आला, तो पुढच्या वाक्यात बसतो की नाही हे पाहण्याची सवय लावावी. त्याहून साधा उपाय म्हणजे हिंदी उतारा वाचून झाल्यावर तो मुलाने आईला किंवा आजोबांना मराठीत सांगावा. पाठ केलेली वाक्ये अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. जेथे अर्थ लागलेला नसतो, तेथे सांगणे आपोआप अडते.

प्रश्नांचे प्रकारही मुलास माहीत असावेत. ग्वाल्हेरच्या प्रसिद्ध मेळ्यावरील एखाद्या उताऱ्यात, ‘दुकानदाराने आकाशाकडे पाहिले आणि कापडाचे गठ्ठे घाईघाईने आत ओढले’ असे वाक्य आहे असे समजू. त्याने काय आत ओढले, याचे उत्तर वाक्यातच आहे. का ओढले, याचे उत्तर वाक्यात नाही. पावसाचे नावही न घेता पाऊस सुचविला आहे. मुले पहिल्या प्रश्नाला सरावलेली असतात, कारण वर्गात बहुधा तोच विचारला जातो. दुसऱ्या प्रकारचा निदान एक प्रश्न प्रत्येक पाठावर विचारला, आणि ‘हे तुला कशावरून कळले?’ असे पुढे विचारले, तर चाचणीची निम्मी तयारी तेथेच होते. उत्तरपत्रिकेची रीत व पर्यायांची मांडणी परिचित होण्यास एक-दोन नमुना चाचण्या पुरेत. त्यापुढे वेळ खर्चावयाचा तो पुस्तकांवर.

आणि ही पुस्तके मराठी असली तरी श्रम वाया जात नाहीत. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एका भाषेत कमावलेली आकलनशक्ती दुसऱ्या भाषेच्या वाचनातही उतरते. मात्र त्या दुसऱ्या भाषेचा पुरेसा परिचय हवा. आशय हेरणे, सूचित अर्थ ओळखणे, पुढे काय येणार याचा अंदाज बांधणे, या गोष्टी मूल घरच्या भाषेतील गोष्टीत सहज शिकते. हिंदी-मराठीची तर लिपीही एक आहे.

चाचणी दोन तासांत संपते. तिच्या भयाने फडताळात गेलेले पुस्तक मात्र पुष्कळदा पुन्हा बाहेर येत नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात मूल मराठी बोलते, परंतु वाचत नाही, अशी अवस्था या मार्गानेही येते. शिक्षकांनी आणि साहित्यसंस्थांनी पालकांस एवढे निःशंकपणे सांगावे की, रोज अर्धा तास मराठी वाचणारे व वाचलेले सांगणारे मूल हिंदी उताऱ्याचीही तयारीच करीत असते.