फायबरच्या जुन्या होडीचं काय करायचं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

लाकडी होडी निकामी झाली की मोडून चुलीत जायची. फायबरच्या होडीला ती सोय नाही. म्हणून ती बंदराच्या कडेला, नाहीतर खाडीतल्या कांदळवनात वर्षानुवर्षं पडून असते.

गैरसमज : पडून पडून तिची मातीच होईल.
वस्तुस्थिती : फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. दोन्ही कुजत नाहीत. उन्हापाण्यानं वरचा जेलकोट तडकतो, धागे उघडे पडतात, बारीक कण चिखलात उतरतात. इंग्लंडमधल्या चिचेस्टर बंदरातल्या कालवांत असे काचेचे कण सापडल्याचं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

गैरसमज : पेटवून दिली की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : जळतं ते रेझिन, काचेच्या धाग्यांचा थर राखेत तसाच उरतो. धुरात काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीन असतं. शिवाय उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे.

गैरसमज : समुद्रात बुडवावी, माशांना घर होईल.
वस्तुस्थिती : माशांसाठी काँक्रीटचे जड ठोकळे टाकतात, ते जागचे हलत नाहीत. हलकं फायबर लाटांबरोबर सरकतं, फुटतं, जाळ्यात अडकतं. तळाच्या रंगातलं तांबंही पाण्यात उतरतं.

गैरसमज : प्लास्टिकसारखं वितळवून नवं काही करता येईल.
वस्तुस्थिती : एकदा घट्ट झालेलं हे रेझिन पुन्हा वितळत नाही. चुरा करून सिमेंटच्या भट्टीत टाकणं हा एक मार्ग आहे. तिथं रेझिन इंधन होतं, काच सिमेंटमध्ये मिसळते. जर्मनीत पवनचक्क्यांच्या पात्यांचं असंच करतात. नॉर्वेत २०१७ पासून जुनी बोट जमा करणाऱ्याला १,००० क्रोनर मिळतात. फ्रान्समध्ये मालकानं फक्त वाहतुकीचा खर्च करायचा, मोडणी मोफत.

गैरसमज : भंगारवाला सगळीच्या सगळी नेईल.
वस्तुस्थिती : त्याला हवं असतं इंजिन, शाफ्ट, पंखा. सांगाडा मागेच राहतो. म्हणून तो कापण्याआधी डिझेल आणि ऑइल डब्यात काढून घ्यावं, बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. कापताना पाणी मारत राहावं. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच, कारण ती धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाते. तुकडे कुठे द्यायचे हे कापण्याआधीच पालिकेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारावं. आणि मत्स्यव्यवसाय विभागात होडीची नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर होडी मोडूनही कागदावर तुमच्या नावानं तरंगत राहते.