प्रकल्प-नियोजन संगणकप्रणालीतील अनपेक्षित प्रारंभ-दिनांक : कारणे व निराकरण

प्रवरा नदीवरील निळवंडे प्रकल्पाची संकल्पना १९७० सालची. त्याच्या ८५ कि.मी. लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अशा प्रकल्पांत भूसंपादन, खोदकाम, अस्तरीकरण ही कार्ये परस्परावलंबी असतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखी संगणकप्रणाली या अवलंबित्वावरूनच प्रत्येक कार्याचा प्रारंभ-दिनांक काढते. तथापि, भूसंपादन लवकर संपल्याची नोंद करूनही खोदकामाचा दिनांक कित्येकदा अलीकडे सरकत नाही. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे होत :

१. बंधन : प्रारंभ-दिनांक हाताने भरल्यास प्रणाली त्यास ‘या दिनांकापूर्वी प्रारंभ नाही’ असे बंधन मानते. हे कारण सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

२. दिनदर्शिका : सुट्टीचे दिवस वगळून प्रारंभ पुढील कामाच्या दिवशी जातो.

३. साधनांचे समतोलन : एकच यंत्र दोन कार्यांस नेमले असता समतोलन केल्यावर एक कार्य लांबणीवर पडते.

निराकरणासाठी प्रथम पूर्ववर्ती कार्ये, नंतर बंधन व शेवटी दिनदर्शिका आणि समतोलन तपासावे. अनावश्यक बंधन ‘शक्य तितक्या लवकर’ असे बदलावे.

सारांश, हाताने बसविलेला दिनांक विलंबाचे खरे कारण झाकतो. म्हणून विद्यार्थ्यांस दिनांक भरण्यापूर्वी कार्यांचे अवलंबित्व मांडण्यास शिकविणे आवश्यक ठरते.