मावशींच्या गाठीचा डबा

आर्वीकडच्या आमच्या ओळखीच्या एका मावशींच्या छातीत गाठ होती. "दुखत तं नाई, मंग कायले जाऊ दवाखान्यात?" असे म्हणत त्यांनी वर्ष काढले. शेवटी एका लहान दवाखान्यात गाठ काढली आणि सलाईनच्या पाण्यात टाकून डबा त्यांच्या मुलाच्या हाती दिला. तो तपासणीला पोचेपर्यंत दोन दिवस गेले. कॅन्सर असल्याचे कळले, पण 'ई. आर. निगेटिव्ह' या शब्दांखाली शेरा होता : तुकडा खराब झालेला, निष्कर्ष भरवशाचा नाही.

हे ई. आर. काय असते, ते आपल्या माता-भगिनींना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

ई. आर. म्हणजे इस्ट्रोजन रिसेप्टर, पेशीच्या केंद्रकातले एक प्रथिन. अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. जिनिंगमधल्या मुकादमासारखे त्याचे काम. इस्ट्रोजन हे संप्रेरक येऊन मिळाले की ते जनुकांना कामाला लावते आणि पेशी वाढू लागते. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजनची जागा अडवते. ती साधारण पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यावी लागते. पण गाठीत हा मुकादमच नसेल तर गोळीचा उपयोग नाही. म्हणून आधी त्याला शोधावे लागते.

शोधणारी असते अँटिबॉडी. आपल्या रक्तात रोगजंतूंविरुद्ध तयार होते त्याच जातीची, पण प्रयोगशाळेत उंदीर किंवा सशाच्या पेशींपासून बनवलेली, एकाच प्रथिनाला ओळखून चिकटणारी. एकाच साच्याच्या अशा अँटिबॉडी बनवण्याची रीत 1975 साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी काढली. त्यांना 1984 चे नोबेल मिळाले. पुढे शिकागोच्या जेन्सन आणि ग्रीन यांनी याच रीतीने ई. आर.ची अँटिबॉडी बनवली. गाठीच्या पातळ कापावर ती टाकून रंग दिला की ई. आर. असलेली केंद्रके तपकिरी दिसतात. कॅन्सरच्या पेशींत शंभरातले एक केंद्रक तसे दिसले तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात.

अँटिबॉडीची विद्या आपल्या वर्धा जिल्ह्याला परकी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी हत्तीरोग व क्षयाच्या रक्त-तपासण्यांवर कित्येक वर्षे काम केले. त्यातही अँटिबॉडीच कामी आली. हत्तीरोगाने पाय सुजलेली माणसे इथे घरोघर पाहिलेल्यांना त्याचे मोल सांगायला नको.

पण अँटिबॉडी कितीही चांगली असो, प्रथिनच कुजून गेले तर ती चिकटणार कशाला? म्हणून काढलेली गाठ तासाभरात फॉर्मेलिनमध्ये पडावी लागते. पाण्यात नाही, सलाईनमध्येही नाही. गाठीच्या दहापट तरी फॉर्मेलिन हवे, आणि त्यात ती किमान सहा तास राहायला हवी, मात्र तीन दिवसांहून जास्त नको. गाठ कधी काढली ते बाटलीवर लिहून घ्यावे. तपासणीनंतर उरलेला मेणाचा ठोकळा जपतात, त्यावरून पुढे दुसरीकडेही तपासणी करता येते. तो मागायला संकोच कसला?

मावशींच्या ठोकळ्याचा उपयोग झाला नाही. केंद्रकेच विरघळली होती. मुलगा आम्हाला म्हणाला, एस.टी.त गर्दी होती, डबा सांडू नये म्हणून तो वर्ध्यापर्यंत मांडीवर धरून बसला होता.