वहीतली शेवटची ओळ

हिंगोलीहून वाशीमला निघालात, की वाटेत कनेरगाव नाका लागतो. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, पण थोडं पुढे गेलं की मराठवाडा संपतो अन् विदर्भ सुरू होतो. १९५६ पूर्वी तर इथे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे हैदराबाद, पलीकडे मध्य प्रदेश!

आता अशी कल्पना करा, की एका नाक्यावर कारकूनकाका बसलेत. समोर जाडजूड वही. गाडी आली, की वेळ आणि नंबर लिहायचा. पुढची गाडी, पुढची ओळ. मागची ओळ खोडायची नाही, मधे काही घुसडायचं नाही. कॉम्प्युटरही अगदी अशीच वही ठेवतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. शब्द जहाजावरून आलाय, बरं का! लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरी बांधलेला लाकडी ठोकळा पाण्यात टाकत. त्याची नोंद व्हायची ती वही म्हणजे लॉगबुक.

मोठ्या कॉम्प्युटरच्या वहीत मिनिटाला हजारो ओळी पडू शकतात. त्या एका भांडारात भरतात आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची करतात, म्हणजे हवं ते पटकन सापडतं. पण शोधणं वेगळं आणि सतत लक्ष ठेवणं वेगळं. दर दोन सेकंदांनी सगळी वही पहिल्यापासून कोण वाचणार? म्हणून वाचणारा प्रोग्रॅम खूण ठेवतो : शेवटची पाहिलेली ओळ १० वाजून १५ मिनिटं ७ सेकंदांची. पुढच्या खेपेला तो एवढंच विचारतो, “यानंतर काय आलं?”

सोपं वाटतं ना? इथेच फसगत होते. त्याच सातव्या सेकंदाला दोन गाड्या आल्या असतील, तर दुसरी निसटू शकते. म्हणून वेळेबरोबर ओळीचा क्रमांकही लक्षात ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे उशिरा आलेली नोंद. दुसऱ्या नाक्यावरची चिठ्ठी दहा मिनिटांनी पोहोचली, पण तिच्यावर वेळ आहे पाचव्या सेकंदाची. आपली खूण तर पुढे सरकलेली! मग ती ओळ कोणीच वाचत नाही. एक उपाय असा : दर खेपेला थोडं मागे जाऊन पुन्हा वाचायचं आणि आधी पाहिलेल्या ओळी गाळायच्या. काम वाढतं खरं, पण चुकलेल्या ओळीपेक्षा दोनदा वाचलेली ओळ बरी.

हे किती महागात पडू शकतं, ते १७ ऑगस्ट २०१७ ला दिसलं. भारतात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली होती. तेरा कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते, त्यांची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर आली. अवघ्या १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. अशा घटनांची नोंद ‘ग्रेसडीबी’ या भांडारात आपोआप होते. पण त्या दिवशी नोंद झाली ती अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या एकट्या यंत्राची. लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी खरखराट झाला होता, म्हणून प्रोग्रॅमने त्याचा संकेत बाजूला टाकला. इटलीतल्या ‘व्हर्गो’ची माहिती तर उशिरा पोहोचली. म्हणजे दोन नाक्यांच्या चिठ्ठ्या गायब!

शास्त्रज्ञ मागे गेले. लिव्हिंग्स्टनच्या नोंदी त्यांनी डोळ्यांनी तपासल्या. संकेत तिथे स्पष्ट होता. खरखर काढून, तिन्ही यंत्रांची माहिती जुळवून आकाशाचा नकाशा करायला जवळजवळ पाच तास लागले. त्याच्या आधारे त्या रात्री चिलीमधल्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. तो प्रकाश काही दिवसांतच मावळणार होता. आणखी उशीर झाला असता, तर त्याची सुरुवात बघायला मिळाली नसती.

आणि आता गंमत ऐका. तसंच एक यंत्र कनेरगाव नाक्याच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. त्याचं नाव लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र सुरू झालं, की त्या मोठ्या वहीत हिंगोलीच्याही ओळी पडू लागतील.