बुलेट परत कोणी मागवलेली नाही

'नवी बुलेट कंपनीनं परत मागवली' हे वाक्य डिसेंबर 2021 मध्ये चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत फिरलं. त्यात दोन चुका आहेत. गाडी बुलेट नव्हे, क्लासिक 350 आहे. आणि परत कोणी काही घेत नाही, एक सुटा भाग बदलून गाडी मालकाच्याच हाती देतात. रिकॉलला मराठीत धड शब्द नाही, त्याचा हा घोळ.

1 सप्टेंबर 2021 ला गाडी बाजारात आली आणि त्या दिवसापासून 5 डिसेंबर 2021 पर्यंत बनलेल्या 26,300 गाड्या कंपनीनं तपासणीला बोलावल्या. त्या काळातल्या सगळ्याच गाड्या नव्हेत. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला, अशी जी स्वस्तातली आवृत्ती होती, फक्त तीच. म्हणजे शोरूममध्ये बसून हप्त्याचा हिशेब करणाऱ्यानं घेतलेली गाडी.

दोष होता रिअ‍ॅक्शन ब्रॅकेटमध्ये. पायानं ब्रेक दाबला की ड्रमच्या आतले लायनर फिरत्या ड्रमला आतून चिकटतात. चाक मग त्यांनाही आपल्याबरोबर फिरवायला बघतं. लायनर ज्या प्लेटवर बसलेले असतात ती फिरू नये म्हणून तिला मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मशी जखडावं लागतं, आणि ते जखडण्याची जागा म्हणजे हा ब्रॅकेट. दावं कितीही मजबूत असो, खुंटा हलला तर बैल थांबत नाही. इथं शंका खुंट्याबद्दल आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार, मागच्या ब्रेकवर फार मोठा ताण आला तर ब्रॅकेटला इजा होऊ शकते, विचित्र आवाज येतो आणि टोकाच्या स्थितीत ब्रेकची पकड कमी होते.

आता हा 'फार मोठा ताण' शहरातल्या सिग्नलला सहसा येत नाही. पाबे घाट उतरताना, मागे माणूस, मांडीवर पिशवी, खाली 195 किलोची गाडी, तेव्हा येऊ शकतो. त्यात आपल्याकडची शिकवण! 'पुढचा ब्रेक मारू नको, पडशील' हे ऐकतच इथली पोरं गाडी शिकली. खरं तर थांबवण्याचं मोठं काम पुढची डिस्कच करते, एबीएसही तिलाच आहे. पण सवयीनं पाय मागच्या ब्रेकवरच उभा राहतो. म्हणून ही बातमी पुण्यापेक्षा घाटाखालच्या गावांची जास्त आहे, असं मला वाटतं.

याच कंपनीनं मे 2021 मध्ये इग्निशन कॉइलसाठी 2,36,966 गाड्या बोलावल्या होत्या. दोष कबूल केला म्हणून मी कंपनीला झोडपणार नाही. आपल्याकडे 2012 पर्यंत वाहन उद्योगाची स्वेच्छा रिकॉलची संहितासुद्धा नव्हती. कायद्याचा बडगा तर 1 एप्रिल 2021 पासून आला. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि सरकारला रिकॉलचा आदेश काढावा लागला, तर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. स्वतःहून बोलावलं तर दंड नाही. कबुलीजबाब वाढले ते उगाच नव्हे.

माझी शंका निरोपाबद्दल आहे. डीलर चासी नंबरवरून मालक शोधणार आणि त्याच्याशी संपर्क साधणार, असं ठरलं होतं. पण गाडी बापाच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल पुण्यातल्या भाच्याचा आणि चालवणारा तिसराच, ही आपल्याकडची रीत. त्यातून पहिली मोफत सर्व्हिसिंग झाली की कित्येक जण शोरूमचं तोंड बघत नाहीत. फाट्यावरचा मेस्त्री जवळचा वाटतो. त्याचा हात चांगला असेल, पण रिकॉलची यादी त्याच्याकडे येत नाही.

तेव्हा फोनची वाट बघू नका. चासी नंबर आरसीवर आहे, तो शोरूमला कळवा. भाग बदलायला पैसे पडत नाहीत. आणि तोवर घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.